बिनविरोध मेंबरांची सतरंजी

आमच्या घरची लग्नपत्रिका छापायची म्हणजे सगळ्यात वर गणपती, त्याच्या खाली कुलस्वामिनी आणि तिच्या खाली आमचे आजोबा. ‘कैलासवासी आबासाहेब, बिनविरोध मेंबर, देहात विभाग, यांचे नातू’ असं आधी, आणि मग त्या बिचाऱ्या नवऱ्या मुलाचं नाव. मुलगा इंजिनिअर असो की घरी बसलेला, तो आधी नातू. माझ्याही पत्रिकेत आबासाहेब होतेच. माझ्या सासरची माणसं साधी, नगरकडून देवासच्या कारखान्यांत नोकरीला आलेली. सासऱ्यांनी पत्रिका वाचली आणि माझ्या वडलांना भाबडेपणाने विचारलं, "देहात विभाग म्हणजे, पोस्टात होते का तुमचे वडील?" वडलांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, मोडलं लग्न.

पोस्टात असते तर बरं झालं असतं. निदान चार लोकांची पत्रं तरी पोचली असती.

हा देहात विभाग काय होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंग्रजांच्या काळात माळव्यात संस्थानांना काही तोटा नव्हता. धार होतं, देवास होतं, आणि देवास तर एवढंसं असून त्याच्याही दोन पात्या, एक थोरली आणि एक धाकटी. आमचं संस्थान कोणतं ते मी सांगत नाही. वंशज आहेत, आणि त्यांना वेळही भरपूर आहे. तर त्या संस्थानात, इंग्रज साहेबाच्या डोळ्यांत भरावी म्हणून, महाराजांनी एक सभा काढली. तिच्यात जवळजवळ सगळे महाराजांनी स्वतःच नेमलेले. रयतेचंही कोणी दिसायला हवं, म्हणून टोंकखुर्दकडची काही गावं एकत्र बांधली, त्यांना देहात विभाग, म्हणजे खेड्यांचा विभाग, म्हटलं आणि तिथून एक मेंबर निवडून यायचा ठरवलं. मत कोणाला? बऱ्यापैकी सारा भरणाऱ्या पुरुषांना. बायकांना नाही, कुळांना नाही, मजुरांना नाही. म्हणजे देहातातून देहातातली माणसं वजा करून जे उरतील ते मतदार. आणि एवढं करूनही त्यांच्यावर भरवसा नव्हताच, म्हणून मेंबर कोण, तर शहरात राहणारे, दरबारात ऊठबस असलेले, शेणात पाय पडला तर धोतर बदलणारे आमचे आजोबा.

मतदानाची रीत तर ऐकण्यासारखी होती. चिठ्ठी नाही, पेटी नाही. गावातल्या कचेरीसमोर, चिंचेच्या झाडाखाली, दोन बैठकी घालायच्या. एका उमेदवाराची एका बाजूला, दुसऱ्याची दुसऱ्या बाजूला. ज्याचं मत ज्याला, त्याने त्याच्या बैठकीवर जाऊन बसायचं. मध्ये खुर्ची टाकून कमाविसदार, म्हणजे आजचा तहसीलदार समजा, बघत बसणार. कोण कुठे बसलं हे सगळ्या पंचक्रोशीला दिसणार, आणि कमाविसदाराला जास्त चांगलं दिसणार. या प्रकाराला आमच्या घरात ‘लोकशाहीची सुरुवात’ म्हणत असत. मी शाळेत हे वाक्य निबंधात लिहिलं होतं आणि वडलांनी मला पेढा दिला होता.

आबासाहेबांची सतरंजी लाल-निळ्या पट्ट्यांची, दरबारच्या फर्राशखान्यातून आणलेली, वर लोड-तक्के. सतरंजीच्या टोकाला आचारी बसवून शेव-जिलबीची कढई चढवलेली. म्हणजे मत द्यायला या आणि गरम गरम खाऊन जा. सतरंजी भरली, लोक धुळीत बसले, तरी येतच राहिले. दुसऱ्या बाजूला कोण होतं? आमच्या घरात ही गोष्ट जेवणाच्या पंगतीला सांगायची असे, आणि इथे आले की काका वाटीतलं ताक सांडेपर्यंत हसायचे. दुसऱ्या बाजूला म्हणे गावातला एक वेडा शेतकरी उभा राहिला होता. घोंगडी अंथरून बसला. एकटा. त्याच्याजवळ त्याची एवढीशी पोरगी. दिवे लागायची वेळ झाली तरी तो हलेना. शेवटी कमाविसदार म्हणाला, उठ बाबा, डास चावतील मुलीला. हसण्याची उकळी फुटायची. मग पान खाता खाता काका सुपारी कातरत म्हणायचे, "असे आमचे आबासाहेब. बिनविरोध!"

एकाच तोंडाने, एकाच जेवणात, दोन्ही. समोर माणूस बसला होता हेही, आणि विरोध नव्हता हेही. आणि घरातल्या इतक्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही कधी ठसका लागला नाही.

मेंबर झाल्यावर आबासाहेबांनी विभागासाठी काय केलं, असं मी एकदा काकांना विचारलं होतं. काका जरा विचारात पडले. मग म्हणाले, "सभेत त्यांचं भाषण फार गाजलं." कशावर? तर महाराजांच्या वाढदिवसाच्या अभिनंदनाचा ठराव त्यांनी मांडला. आणखी? आणखी म्हणजे, दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत ते विभागाच्या दौऱ्यावर जात. हुरडा बरोबर घेऊन येत. पुढे संस्थानं विलीन झाली, खरी निवडणूक आली, पेटीत चिठ्ठी पडायला लागली, आणि आमच्या घरातलं कोणी त्यानंतर साध्या वॉर्डातूनही उभं राहिलं नाही. आता लोक लपून मत देणार म्हटल्यावर आमची हिंमत कशी व्हायची?

उरली ती सतरंजी. तिची दसऱ्याला पूजा होते. खोटं नाही सांगत. धारला माझे थोरले चुलतभाऊ, त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, त्यांच्या हॉलमध्ये सोफे सरकवून ती अंथरतात, मध्ये आबासाहेबांचा फोटो ठेवतात आणि सगळ्या कुटुंबाने तिच्यावर बसून आपट्याची पानं वाटायची. सुना बसायच्या आधी पदर घेतात. माझा नवरा पहिल्या दसऱ्याला आला तो बुटासकट सतरंजीवर चढला. दादासाहेबांच्या तोंडून "अरे भिया!" निघालं, म्हणजे अरे भाऊ, ते थेट माळव्यातलं, दरबारी मराठी पार विसरून. आजही ते माझ्या नवऱ्याची ओळख "हे कारखान्यातले" अशी करून देतात. नवराही कमी नाही. तो म्हणतो, "हो, आम्ही पगारावर. तुम्ही सतरंजीवर."

तर दोन वर्षांपूर्वी दादासाहेब रिटायर झाले. रिटायर माणसाला काहीतरी हवं असतं. कोणी बागकाम करतं, कोणी शुगर मोजतं. यांनी ठरवलं की देहात विभागाचा इतिहास जतन करायचा. त्यासाठी त्या गावात, त्याच चिंचेखाली, एक शिळा बसवायची, आणि तिच्यावर सगळं कोरायचं. मला फोन आला. "बघ, असं आहे, तू देवासला राहतेस, तुला तिथून जवळ. आणि तुझं ते माळवी पण बरं आहे." आमच्या कॉलनीतल्या दूधवाल्या बाईशी बोलून बोलून मला माळवी येतं, हे त्यांना इतकी वर्षं कमीपणाचं वाटायचं. आता कामाला आलं.

आम्ही चौघं गेलो. दादासाहेब, वहिनी, मी आणि गाडी चालवायला कारखान्यातले. गाव टोंकखुर्दच्या अलीकडे. सोयाबीन काढून झालेलं, रानं मोकळी, गव्हाची पेरणी चाललेली. सरपंच तरुण होता, जीन्समधला, हसतमुख. दादासाहेबांनी त्याला शुद्ध हिंदीत आबासाहेबांचा पराक्रम सांगितला. तो मान हलवत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बहुत बढ़िया, सर. पत्थर लगा लो. नाश्ता-वाश्ता रहेगा ना?" त्याच्या दृष्टीने विषय संपला.

कचेरी पडून गेली होती. चिंच मात्र होती. तिच्यासमोर एक घर, घराला ओटा, आणि ओट्यावर एक म्हातारी बाई लसूण सोलत बसली होती. अगदी वाळलेली, कानात चांदी, नजर मात्र लख्ख. सगळं गाव तिला जीजी म्हणतं, मीही तेच म्हणते. तिने सरपंचाला विचारलं, "कुण हे?" सरपंच म्हणाला, पुराने जमाने के मेंबरसाब के पोते हैं. जीजीचे हात थांबले. ती आमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अच्छा. वा सतरंजी वाळा."

दादासाहेब असे खूश झाले की काय सांगू. माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलंस? लोकांच्या मनात आहे अजून."

होतंच मनात. मी ओट्यावर टेकले आणि जीजी बोलायला लागली. घोंगडीवरची पोरगी म्हणजे तीच होती. माझ्या काकांच्या ताकात बुडवून हसण्याचा विषय असलेली ती एवढीशी पोरगी माझ्या समोर बसून लसूण सोलत होती.

तिच्या वडलांना ती दाजी म्हणत होती. दाजींना सारा भरावा लागे, म्हणजे त्यांना मत होतं, आणि उभं राहायचा हक्कही होता. गावाला विहीर हवी होती. जुनी उन्हाळ्यात आटायची आणि बायका दुसऱ्या गावच्या नाल्यावर जायच्या. दाजींच्या मनात आलं की सभेत गावातलाच कोणी गेला तर निदान विहिरीचं बोलेल. ते घरोघर जाऊन आले. सगळे म्हणाले, हो, येतो, तुझ्याच बैठकीवर बसतो. म्हणून दाजींनी आपली घोंगडी आणलीच नाही, ती लहान होती. त्यांनी गावातल्या सगळ्यात मोठ्या घरातून सगळ्यात मोठी कांबळ मागून आणली. "घणी मोटी," जीजी म्हणाली आणि लसणाचा हात जितका लांब जाईल तितका लांब केला. माणसं पुष्कळ येणार होती ना.

कोणी आलं नाही. कमाविसदार बघत होता, जिलबीचा वास सुटला होता, आणि एकेक जण खाली मान घालून समोरच्या सतरंजीवर जाऊन बसला. दाजींचा सख्खा भाऊ जाऊन बसला. ऊन कललं तेव्हा जीजीने कांबळीचं टोक उचलून घडी घालायला घेतली. लहान होती, भूक लागली होती. दाजींनी तिचा हात धरला. "रेवा दे, बेटा. कोई आवेगा." राहू दे, कोणीतरी येईल. दिवे लागेपर्यंत ते तसेच बसले.

त्यानंतर दाजींना कोणी त्रास दिला नाही. नुसतं गाव त्यांना ‘मेंबरसाब’ म्हणायला लागलं. विहिरीवर, बाजारात, लग्नात. मरेपर्यंत. आणि जीजीला ‘मेंबर की छोरी’. लग्न करून सासरी गेली तर हाक तिच्या आधी पोचली होती. दाजींच्या माघारी ती मुलासुनेसह याच घरी परत आली.

मला रडू येत होतं, आणि वहिनी, ज्या धारला कामवालीशीसुद्धा मोजकं बोलतात, त्या पदराने डोळे पुसत होत्या. दादासाहेब घड्याळ बघत होते. जीजीने त्यांनाच विचारलं, पत्थरावर काय लिहिणार? त्यांनी मोठ्या प्रेमाने, मजकूर पाठच होता, म्हणून दाखवला. मराठीत. बिनविरोध या शब्दाशी जीजीने हात वर केला. हा शब्द काय आहे? सरपंचाने सांगितलं, मतलब सामने कोई नहीं था.

जीजीने हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हारा दाजी हार्या था. हार्या था तो हार्या लिखो. नी लिखो तो मत लिखो. पण यो शबद काढो."

हरले तर हरले लिहा, नाहीतर काहीच लिहू नका, पण हा शब्द काढा. बाईचं मागणं एवढंच. नाव नको, मान नको, विहिरीचं नको. तिचा बाप तिथे बसला होता एवढं कोणी पुसू नये.

गाडीत बसल्या बसल्या दादासाहेब म्हणाले, "वय झालंय बिचारीचं. डोक्यावर परिणाम."

मी म्हटलं, "डोक्यावर परिणाम? दादा, ही गोष्ट काका जेवताना सांगायचे. तुम्ही स्वतः सांगता. दसऱ्याला सांगितलीत, बासुंदी खाताना."

"अगं, ते गमतीचं. ती काय मतं होती? एक तो स्वतः आणि एक पोरगी."

"एक म्हणजे शून्य नव्हे ना?"

"तुला दरबारचं कळत नाही," ते म्हणाले. "बिनविरोध काढलं तर आबासाहेब काय राहिले? नुसते मेंबर?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. नुसते मेंबरच होते ते. तेही शेव-जिलबीवर झालेले. पण हे मान्य केलं तर पत्रिकेवर काय छापायचं, सतरंजीची पूजा कशाची करायची, आणि कारखान्यातल्यांना खाली कशाच्या जोरावर बघायचं? एका शब्दाच्या खुंटीला आख्खं खानदान लटकलेलं. माझा नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "दादासाहेब, त्या बाईंचं ऐका. कोरायचं बाकी असेल तर एक शब्द कमी, पैसेही वाचतील." दादासाहेबांनी खिडकीची काच वर केली.

मी सोडलं नाही. धारला गेले, त्यांच्या हॉलमध्ये बसून भांडले. शिळा कोरून आली होती, दारातच पोत्यात गुंडाळून ठेवलेली. मी ती उघडायला लावली. धन्य तो मजकूर! ‘श्रीमंत आबासाहेब यांणी देहात विभागाचे मेंबरीचे जागी बिनविरोध निवडून येऊन रयतेचे कल्याणार्थ’ वगैरे वगैरे. म्हणजे माळवी गावात, हिंदी वाचणाऱ्या लोकांसाठी, पंजोबांच्या मराठीत शिळा! दादासाहेबांचा मुलगा इंदूरला असतो, तो आला होता. त्याने दोन ओळी अडखळत वाचल्या आणि विचारलं, "पप्पा, ‘यांणी’ मतलब?" पप्पांनी त्याला आत जा म्हटलं. जे घरातल्या पुढच्या पिढीला वाचता येत नाही ते आम्ही दगडावर कोरून दुसऱ्याच्या गावात पुरणार होतो. आमचं डोकंच असं आहे, आम्हाला वाटतं आम्ही बोललो की जग मराठीत ऐकतं.

"शब्द नुसता घासून टाकता येईल," मी म्हटलं.

"शिळेवर डाग दिसेल," दादासाहेब म्हणाले.

"दिसू दे की!"

"तू आमच्या घरची आहेस की त्यांच्या?"

यावर मी चहा न घेता उठले. आमच्यात चहा न घेता उठणं म्हणजे मोठं भांडण. वहिनी दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या, "वन्सं, मी सांगून पाहिलं हो." त्यांनी खरंच सांगितलं असणार, आणि त्यांचं कोणी ऐकलं नसणार. त्या घरात बायकांना आजही सारा भरावा लागत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, "जा. नाहीतर तेही म्हणतील, घरातून बिनविरोध." म्हणून गेले.

आणि काय बघते, तर चिंचेखाली सतरंजी! दादासाहेबांची कल्पना. खुर्च्या नाहीत, त्या दिवशी जसं होतं तसंच करायचं. लाल-निळे पट्टे, लोड-तक्के, टोकाला आचारी, कढईत कचोऱ्या. जिलबीचीही सोय. दादासाहेबांना आपल्या कल्पकतेचं इतकं कौतुक वाटत होतं की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "सेम टू सेम! वही दरी है, साहब!" शिळेवर भगवा कपडा. माइक. धार-देवासची दरबारी मंडळी, फेटे बांधलेली, गुडघे दुखत असूनही मांडी घालून बसलेली. गावातले लोक लांब उभे होते. सरपंच म्हणाला, आओ, बैठो, नाश्ता दरीपर ही मिलेगा. मग ते येऊन बसले. यांच्याच आजोबा-पणजोबांना त्या सतरंजीवर बसवलं होतं, आणि यांना त्याची दादही नव्हती. त्यांचा काय दोष? कचोरी गरम होती.

सेम टू सेम करायचं म्हटल्यावर जीजीनेही तेच केलं. ती ओट्यावरून उतरली. तिच्या मागे तिची सून डोक्यावर भलामोठा गठ्ठा घेऊन. समोरच्या बाजूला, सतरंजीपासून नीट अंतर सोडून, दोघींनी ती कांबळ उलगडली. तीच होती की तिच्यासारखी दुसरी, मला माहीत नाही. पण मोठी होती. सून लगेच निघून गेली, तिला आचाऱ्याच्या हाताखाली कचोऱ्या लाटायच्या होत्या. जीजी कांबळीच्या कोपऱ्यात बसली. मध्यभागी नाही, कोपऱ्यात. लहानपणी दाजींच्या शेजारी जिथे बसली असेल तिथे.

लोकांना वाटलं म्हातारीला सावली हवी आहे. दादासाहेबांना मात्र कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माणूस हट्टी. त्यांनी कपडा ओढला, टाळ्या झाल्या, आणि ते शिळा वाचायला लागले. ‘बिनविरोध’ पाशी ते अडखळतील, निदान एकदा समोर बघतील असं मला वाटलं होतं. मी अजून माझ्या भावाविषयी आशा ठेवून होते, मूर्खासारखी. त्यांनी तो शब्द माइकच्या आणखी जवळ जाऊन, सुटा सुटा करून म्हटला.

"हूँ बेठी थी," जीजी म्हणाली.

मोठ्याने नाही. पण शांतता होती, सगळ्यांनी ऐकलं. मी बसले होते. एवढंच. दादासाहेब थांबले. तेवढ्यात सरपंच हसत हसत म्हणाला, "जीजी, चुप रो, सर बोल रहे हैं." आणि लोक हसले. आमचे फेटेवाले हसले, गावातले हसले, कचोरी तोंडात असताना हसले. अगदी माझ्या काकांसारखे.

माझं डोकं फिरलं. मी उठले, चपला हातात घेतल्या आणि सगळ्यांच्या समोरून चालत जाऊन कांबळीवर बसले. दादासाहेब माइकवरच म्हणाले, "अगं, हे काय? तू घरची आहेस!"

"घरचीच आहे," मी म्हटलं, आणि मराठीत म्हटलं, सगळ्या फेट्यांना कळावं म्हणून. "आता विरोध घरातूनच आहे, दादा. तो शब्द पुसा नाहीतर ठेवा, पण यापुढे म्हणताना हळू म्हणा."

त्यांनी पुढचं सगळं वाचून काढलं, घाईघाईत. कोणी आलं नाही. वहिनी सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या, एक पाय खाली मातीत ठेवून, तो तसाच राहिला. नवऱ्याने गाडीजवळून हात केला. गाडी चिंचेपासून लांब होती, तो तिथेच थांबला. कार्यक्रम संपला, कचोऱ्या संपल्या, फेटेवाले धार-देवासला निघाले. दादासाहेबांनी सतरंजी झटकून, गुंडाळून डिकीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता गेले. शिळा तिथेच आहे, शब्दासकट. या दसऱ्याला मला बोलावणं आलं नाही.

चिंचेखाली आम्ही दोघी उरलो. जीजी कोपऱ्यात, मी तिच्या शेजारी, आणि बाकी आख्खी कांबळ रिकामी. ऊन उतरलं होतं. मला देवासला पोचायचं होतं, आणि जीजीही थकली असेल असं वाटलं, म्हणून मी उठले आणि पलीकडच्या टोकाला जाऊन घडी घालायला घेतली.

जीजी म्हणाली, "रेवा दे, बेटा. कोई आवेगा."

मी टोक सोडलं आणि परत येऊन बसले.